तीन वर्षांचा हिरवा डाग

चिंधीवरचा हिरवट डाग जेमतेम नखाएवढा होता. बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मागे उभ्या असलेल्या बाईंनाही तो दिसला, कारण पुढे उभे असलेले त्यांचे यजमान ती चिंधी कारागिराच्या नाकासमोर नाचवत होते.

"बघा, बंदुकीची नळी अजून घाणच!"

"तीन वर्षं हेच!" बाई म्हणाल्या. "नळी स्वच्छ झाली की नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणार म्हणे. दहा बनियनांच्या चिंध्या केल्या यांनी. आता अंगातलं तेवढं शेवटचं उरलंय."

"काका, चिंधी आत सारायच्या सळईचं टोक पितळेचं ना?" कारागीर म्हणाला. "नळी साफ करायचं तुमचं औषध तेच खातंय. हिरवा रंग त्याचा."

"आणि नळी?"

"आरशासारखी. आणखी घासाल तर मात्र वाट लागेल."

"अहो, ऐकलंत?"

"पण माझा चष्मा जरा..."

"सकाळीच पुसलाय मी."

"बरं बाई! रविवारी उतरतो स्पर्धेत."