म्हाताऱ्याच्या हातातलं घड्याळ

तुम्हाला सांगते, त्या घड्याळावर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. मुंबईच्या पोरानं आणून माझ्या हातात बांधलं. म्हणे, "आई, तुझ्या काळजाचे ठोके मला तिकडं फोनवर दिसतील."

भाताच्या लावणीला गेले तर लगेच फोन. "ठोके वाढलेत आई, उद्यापासून शेतात जायचं नाय!"

आता आमच्या कापडे गावात बायका एकमेकींच्या लावणीला जातात. मी नाय गेले तर माझ्या शेतात कोण येल?

दुसऱ्या दिशी ते घड्याळ ओटीवर बसलेल्या माझ्या म्हाताऱ्याच्या हातात बांधलं. म्हटलं, "फोन जवळ ठेवा नि गुमान बसा."

दुपारी घरी आले तर पोरगा फोनवर ओरडतोय, "आई, ठोके चुकतायत तुझे, आत्ताच्या आत्ता महाडला डॉक्टरकडं जा!"

म्हाताऱ्याला घेऊन गेले. खरंच त्याच्या काळजात बिघाड निघाला. कधीचं दुखत होतं, पण बोलला नव्हता.

"तुझ्यामुळं सापडलो गो," म्हणाला.

आता औषध चालू हाय. घड्याळ त्याच्याच हातात, मी शेतात मोकळी. पण त्या घड्याळावरचा माझा संशय काय जात नाय. परवा आमचं भांडण जरा रंगात आलं, तर लगेच मुंबईचा फोन, "आई, बाबांना काय बोललीस?"