किबोर्डकडं बघायचं न्हाई

ईश्वरप्पा : ते बरोबर हाय वो, पण नजर पुस्तकावर पायजे. किबोर्डकडं बघायचं न्हाई, हा आमच्या क्लासचा पयला नियम हाय.

बडेसाब : सर, पोरीच्या हातात जन्मापास्नं जोर न्हाई. काडी दातात धरून टायपिंग करती. नाक किबोर्डवरच ऱ्हातंय. न बघता करंल कसं?

ईश्वरप्पा : नियम हाय.

बडेसाब : ही भोकांची पाटी बी आणलीय बघा, किबोर्डवर बसवलीय. काडी शेजारच्या अक्षरावर घसरत न्हाई. नेमप्लेटवाल्याकडनं कापून घेतली. तुमी बसू द्या फक्त. सर्टिफिकेट मिळालं की झालं.

ईश्वरप्पा : मी सर्टिफिकेटं वाटत न्हाई.

बडेसाब : मागच्या क्लासचे सर देत होते की, परीक्षा न घेताच.

ईश्वरप्पा : मग घ्यायचं की तितंच.

(इतका वेळ टाइप करत बसलेली हुस्ना दातांतली काडी समोरच्या ग्लासात सोडते.)

हुस्ना : मीच नको म्हणाले, सर. ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. चूक एकदापण दाखवली नाही. उद्या ऑफिसात टाइप करा म्हणाले, तर मी काय करू? मला नोकरी करायची आहे.

ईश्वरप्पा : एका काडीनं शिफ्ट कशी दाबून धरतीस?

हुस्ना : सेटिंग असतं. एकदा टोचली की कंप्युटरच धरून ठेवतो.

ईश्वरप्पा : असं व्हय. हे आत्ताचं बघू... तिसऱ्या ओळीत दोन चुका. खाली एक शब्दच गाळलास.

बडेसाब : सर, पयलाच दिवस हाय तिचा.

हुस्ना : अब्बा, बोलू द्या त्यांना. बरं वाटतंय मला.

ईश्वरप्पा : ती पाटी काढा जरा, बडेसाब.

बडेसाब : आता हे काय? अक्षरांवर काळी टेप कशाला लावताय?

ईश्वरप्पा : आता बघू दे की किबोर्डकडं, पायजे तेवढं.

बडेसाब : मग कुटलं अक्षर कुटं हाय, हे तिला कळायचं कसं?

ईश्वरप्पा : बाकीच्यांना कळतं तसं. पाठ करून. उद्यापास्नं सातची बॅच. उशीर केला तर आत घेत न्हाई.

बडेसाब : अक्कलकोट रोडवरनं माझ्याच रिक्षात आणतो, उशीर कसा हुईल? आन् मी हितंच बसतो शेजारी. काडी पडली, घाम आला...

हुस्ना : अब्बा, दारावर लिहिलंय. पालकांनी बाहेर थांबायचं.