बागेचा स्टॉप

सारसबागेजवळच्या हॉटेलबाहेर नाव नोंदवून बसलो होतो. शेजारी एक वयस्कर जोडपं होतं.

"बाग बरीच मोठी आहे गं आतून."

"एकतीस वर्षं समोरून बस चालवलीत. इथे स्टॉप आहे, एवढंच तुम्हाला ठाऊक."

"मग ड्युटीवर असताना उतरून बाग बघायची होती का?"

"आणि सुट्टीच्या दिवशी? आयुष लहानपणी दर मे महिन्यात मागे लागायचा. तुमचं ठरलेलं, सुट्टीत परत त्याच रस्त्याला नको."

"नकोच वाटायचं."

"आज बरे आलात."

"जेवायला आलो. बाग वाटेत लागली."

"तळ्याजवळचा तुमचा फोटो त्याला पाठवलाय."

"काय म्हणाला?"

"विचारतोय, बाबा खरंच खाली उतरले का?"