शेवटच्या रांगेतला हात

...नाही पण मी म्हणतो, माणसानं ओरडायचं तरी किती? सकाळी उठलं की ओरडा, दात घासून झाले की ओरडा, चहा घेतला की पुन्हा ओरडा, आणि एवढं करून मॅडम काय म्हणणार, तर 'काका, अजून थोडं मोठ्यानं.' अजून थोडं? अहो, आता आवाज नाही, घसाच बाहेर येईल! आणि आज तर काय, वर्गाचा शेवटचा दिवस, प्रत्येक पेशंटनं पुढं येऊन दहा मिनिटं बोलायचं, विषय कुठलाही चालेल, रडगाणंसुद्धा चालेल, फक्त आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. आता शेवटच्या रांगेत कोण बसलंय? आमची बायको. मुद्दाम बसवलीय. आणि तिला काम दिलंय की ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, ऐकू येईनासं झालं की खाली. म्हणजे बोलायचं मी आणि मार्क देणार ती. घरी काय वेगळं असतं म्हणा... हात वर आहे ना गं? आहे. बरं.

तर तुम्हाला सांगतो, मी कोण, तर ग्रंथपाल. चौतीस वर्षं. 'शांतता राखा' ही पाटी तुम्ही हजार ठिकाणी बघितली असेल, आमच्या वाचनालयातली मी स्वतःच्या हातानं रंगवलेली होती, आणि खरं म्हणजे तिची गरजच नव्हती, कारण मी टेबलावरून नुसती मान वर केली की वाचणाऱ्याचा खोकला जागच्या जागी बरा व्हायचा. एक कॉलेजातला पोरगा होता, वाचता वाचता फिदीफिदी हसायचा. एकदा सोडलं, दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा त्याचं पुस्तक मिटलं, त्याच्या हातात दिलं आणि बोट दाराकडे केलं. एक शब्द न बोलता! अशी माझी कारकीर्द. माझा सगळा जन्म कुजबुजण्यात गेला हो, आणि त्या माणसाला म्हातारपणी सांगतात, ओरड.

का, तर पार्किन्सन्स. तुमच्यातल्या निम्म्यांना तोच आहे, बाकीचे तो असणाऱ्यांना इथं घेऊन आलेत, तेव्हा हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, हे काही मी तुम्हाला शिकवायला नको. चेहरासुद्धा हलेनासा होतो. आत्ता पुढच्या रांगेतले चारजण माझ्याकडे असे बघतायत, जसं मी त्यांचं पुस्तक परत घेतलंय, पण मला माहितीय, आतून हसतायत. हसा, हसा. व्यायाम आहे तोही.

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. हा आजार आवाजही खातो, आणि खातो तो असा, की ज्याचा खातो त्याला पत्ता नाही! मला वाटतं मी व्यवस्थित बोलतोय. समोरच्याला नुसते ओठ हलताना दिसतात. मग माझ्यासारखा हुशार माणूस काय निष्कर्ष काढतो? तोच मी काढला. बायको बहिरी झाली.

हात खाली का आला? हे बरोबर ऐकू आलं वाटतं... नाही? दुखला म्हणते. मग दुसरा कर ना वर. हां.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं एकदम बहिरी? माझ्याकडे पुरावा होता ना. ही होती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तीस वर्षं कानाला हेडफोन. इकडची लाइन तिकडे जोड, तिकडची इकडे, दिवसभर कानात खरखर. म्हटलं, कान बाद होणार नाहीत तर काय! आणि एक सांगतो, आमचं लग्न जमलं तेच मुळी त्या कानांमुळे. वाचनालयात एकच फोन होता, माझ्या टेबलावर, आणि वाचकांना त्रास नको म्हणून मी फोनवरसुद्धा कुजबुजायचो. बाकीच्या ऑपरेटर 'काय? काय? मोठ्यानं बोला,' म्हणायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. एकच आवाज होता, जो कधी 'काय' म्हणाला नाही. मी नंबर पुटपुटायचो, पलीकडून 'जोडते' म्हणायची आणि बरोबर नंबर लागायचा. सहा महिने मी नको तिथंसुद्धा फोन केले. एका प्रकाशकाला तर मी आठवड्यात चारदा तेच पुस्तक छापलंत का म्हणून विचारलं. शेवटी तिलाच विचारलं, तेही कुजबुजत, आणि म्हणाली, 'जोडते.' तर असे कान. आणि दोन वर्षांपूर्वी काय व्हायला लागलं? मी म्हणणार, 'चष्मा कुठंय?' ही म्हणणार, 'काय?' मी म्हणणार, 'पंखा बारीक कर,' ही म्हणणार, 'काय?' स्वयंपाकघर ते जेवणाचं टेबल, चार पावलं! मग मला राग यायचा, मी 'जाऊ दे' म्हणायचो आणि उठून आतल्या खोलीत. ती हाक मारायची, मी ओ द्यायचो नाही. म्हणजे देत असेन, पण... आता कळतंय ना, ती ओ पोचतच नसेल.

आणि पुढे तर एक वेगळाच प्रकार. तिचं 'काय' बंद झालं. काहीही बोला, 'हो' म्हणायला लागली. मला वाटलं चला, कान उघडले. कसले उघडतायत! म्हटलं, 'दिवा जळत राहिलाय.' 'हो.' उठली नाही. म्हटलं, 'मेंदूच्या डॉक्टरांनी तारीख बदललीय.' 'हो.' आणि जुन्या तारखेला साडी नेसून तयार.

मग तो शर्टाचा दिवस. बाहीचं बटण. ज्याला माहितीय त्याला माहितीय, बाहीचं बटण म्हणजे काय! वीस मिनिटं मी त्या एका बटणाशी झटत होतो, बोटं ऐकत नाहीत, काज सापडत नाही, कपाळावर घाम. ही आली, बटण लावलं, माझी कॉलर सरळ केली आणि परत जाऊन भांडी घासायला लागली. मला काय झालं कुणास ठाऊक. मी गेलो तिच्यामागे, तिची पाठ माझ्याकडे, आणि एक वाक्य म्हणालो. काय ते आत्ता विचारू नका, ती मागे बसलीय. पण चांगलं वाक्य होतं हो. अडतीस वर्षांच्या संसारात मी असलं काही पहिल्यांदाच बोलत होतो. आणि तुम्हाला सांगतो, ही मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली काय, तर 'हो, फ्रिजमध्ये ठेवलंय.'

फ्रिजमध्ये! मी, खोटं कशाला सांगू, फ्रिज उघडून बघितला. दुधीचा अर्धा तुकडा होता.

त्याच आठवड्यात तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेली. ती यायला तयार नव्हती, मी हट्टच धरला. तिथं एक काचेची खोली, तिच्यात हिला बसवली, कानाला हेडफोन लावले, आणि सांगितलं, 'आवाज ऐकू आला की हात वर करा.' जुनी सवय, हेडफोन लावल्याबरोबर ताठ बसली. आणि मी काचेबाहेर, आता कळेल हिला असा चेहरा करून. माझा तो चेहरा दिसत नसणार म्हणा, पण मी केला होता. तिकडे यंत्रावर ती मुलगी आवाज बारीक करत चाललीय, ही हात वर. अजून बारीक, हात वर. मला तर वाटलं यंत्र बंद पडलंय, तरी हिचा हात वर! बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, 'आजींचे कान ठणठणीत आहेत. विशीतल्या पोरींचे नसतात असे.' मी म्हणालो, 'पण डॉक्टर, हिला माझं बोलणं ऐकू येत नाही.' डॉक्टर म्हणाले, 'काय?' मी पुन्हा सांगितलं. डॉक्टर पुढं वाकले, 'काय म्हणालात?' आणि माझ्या मनात खरोखर काय आलं माहितीय? की बिचारा. एवढा कानाचा डॉक्टर, आणि याचेही गेलेत.

हात वर आहे ना? आहे. हसतेय, पण वर आहे.

गेलाय तो माझाच आवाज, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा परत येताना बसमध्ये मी रिपोर्टच्या पाकिटावर लिहून विचारलं, 'मग हो का म्हणायचीस?' माझं अक्षरही आता मुंगीच्या पावलाएवढं झालंय, तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, वाचलं. म्हणाली, 'काय म्हटलं की तुम्ही उठून जायचात. हो म्हटलं तर निदान समोर बसून राहायचात.' खिडकीबाहेर बघत म्हणाली. उत्तर दिलं असतं तरी ऐकू कुठं जाणार होतं? मला फार वाईट वाटलं, तेवढं सांगतो आणि पुढे जातो, कारण मॅडम घड्याळ बघतायत.

तर हे असं इथं, या आवाजाच्या वर्गाला आलो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हातात आवाज मोजायचं यंत्र, आणि पहिलाच धडा, 'काका, पोटातून श्वास घ्या आणि आ म्हणा, जितका लांब, जितका मोठा.' मी म्हटलं. त्या म्हणाल्या, 'सुरू करा ना.' अहो, संपवलं होतं मी! मग दुसऱ्यांदा जीव खाऊन ओरडलो, मला वाटलं आता इमारतीतून लोक धावत येतील, आणि त्या म्हणाल्या, 'हं, हे झालं साधं बोलणं.' म्हणजे माझं ओरडणं हे जगाचं बोलणं. वर्गात माझ्या शेजारी आमचे इंजिनड्रायव्हर, त्यांची वेगळीच तऱ्हा, सपाट जमिनीवर झकास चालतात आणि दार आलं की उंबऱ्यात पाय चिकटतात. त्यांच्यासाठी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्यात, पट्टी दिसली की पाय उचलतो. एकदा पट्टी निघाली होती, हे दारात उभे, मागे आम्ही सात जण. शेवटी मी म्हटलं, 'सिग्नल पडला साहेब,' आणि गाडी निघाली. तेव्हा मॅडम म्हणाल्या, 'काका, आज पहिल्यांदा तुमचं बोलणं दुसऱ्याला ऐकू गेलं.'

आणि घरचा अभ्यास! दिवसातून दोनदा पंधरा पंधरा वेळा 'आ'. पहिल्या दिवशी मी खिडकीशी उभा राहून सातव्या 'आ'पर्यंत आलो, दारावरची बेल वाजली. उघडलं तर वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ. टक्कल, चष्मा, पोट. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरला, असा आनंद! सावकाश बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं. तोच हो, फिदीफिदीवाला! पंचवीस वर्षं वाट बघत होता माणूस. मीही त्याला म्हटलं, 'आ.' आठवा राहिलाच होता.

मग मॅडमनी सांगितलं, रोज लागणारी दहा वाक्यं लिहून आणा, प्रत्येक वाक्य पाच वेळा, खणखणीत. मी नऊ आणली. 'चष्मा कुठंय?' 'पंखा बारीक कर.' 'दार मी उघडतो.' 'आंघोळीला चाललोय, कडी लावत नाही.' 'गोळी घेतली मी.' हे शेवटचं पाचही वेळा असं काही म्हटलं, की ही आतून गोळ्यांची डबी घेऊन आली, म्हणाली, 'पाच वेळा सांगताय म्हणजे नक्की घेतली नाही.' आणि खरंच नव्हती घेतली. मॅडम म्हणाल्या, 'आणि दहावं वाक्य?' म्हटलं सुचलं नाही. रोज विचारायच्या, रोज सुचलं नाही. सुचलेलं होतं हो. फ्रिजमध्ये होतं. पण एकदा म्हणून बघितलेलं वाक्य पुन्हा म्हणायचं म्हणजे... आणि आता तर ते ओरडून म्हणायचं! असली वाक्यं कुणी ओरडून म्हणतं का? ती कुजबुजत म्हणायची असतात. आयुष्यात एकच वाक्य असं, की जे कुजबुजत म्हणायला मी सगळ्यांत लायक माणूस, आणि नेमकं तेव्हाच... हात खाली गेला बघा. कळलं, कळलं, आवाज पडला. मॅडम, ते यंत्र नका दाखवू, मला मागचा हात दिसतोय.

पोटातून श्वास. हां.

तर दहावं वाक्य. तुम्ही सगळे साक्षीदार. अगं ए, मागे, नीट ऐक, फ्रिजचा काही संबंध नाही यात.

'तू आहेस म्हणून बरं आहे!'

...झालं. म्हटलं एकदाचं. पुढच्या रांगेतले सगळे मागे वळून बघतायत, इंजिनड्रायव्हरांनी तर टाळी वाजवली. हात? हात वर आहे. दोन्ही हात वर आहेत. आणि तोंडानं काय म्हणतेय बघा, त्या एक्स्चेंजमधल्या आवाजात, जी बाई तेव्हा माझ्या कुजबुजण्याला एकदासुद्धा 'काय' म्हणाली नाही ती, डोळे पुसत पुसत म्हणतेय, 'हॅलो, आवाज कटतोय, पुन्हा सांगा.'

सांगतो बाई. पाच वेळा तर सांगायचंच असतं, बस आता मोजत.