सदर पिल्लू

…नाही, मला एक सांगा, डाग मोठा म्हणजे केवढा? रुपयाएवढा? साबुदाण्याएवढा? डॉक्टर म्हणतात डोक्यावरचा डाग मोठा आणि पसरट असला तर नर, छोटा आणि रेखीव असला तर मादी. अहो पण घरात कोंबडीचं पिल्लू एकच! मोठा-छोटा ठरवायचं कशाशी लावून, माझ्या टकलाशी? तुम्हाला सांगतो, महिनाभर माझ्या आयुष्यात दुसरा प्रश्नच नव्हता. ऑफिसात साहेब विचारतात, सुभाष, फाइल झाली का, आणि माझ्या तोंडातून येतं, सर, तो की ती?

झालं काय, माझी मुलगी ईश्वरी, वय वर्षं आठ, मामाकडे शिरवण्याला गेली आणि येताना बुटांच्या खोक्यात पिल्लू घेऊन आली. काळंकुट्ट, पोटाशी पांढरट, आणि डोक्यावर तो डाग. पुढे म्हणे अंगभर काळे-पांढरे पट्टे येतात, स्वेटर घातल्यासारखे. मामा म्हणजे माझा मेव्हणा, प्रीतम. घरामागे पंधरा वर्षं ह्याच पट्टेरी कोंबड्या पाळतोय. मी फोन केला, म्हटलं प्रीतम, तो की ती? तर म्हणतो, "भावोजी, मना काय ठाव? मना रश्श्यात कलतं!" वर आणखी, "कोंबरा निंगला तं सांगा, वाटान तयार हाय!"

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला, दोन-तीन महिन्यांनी आपोआप कळेल. बरोबर! मीही तेच म्हणत होतो! पण आम्ही राहतो खारघरला, बी-विंग, तळमजला, मागे चार पावलांची बाग, आणि सोसायटीला सेक्रेटरी आहेत सयाजीकाका. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. हा माणूस बायकोला चहा मागतो तोसुद्धा "उपरोक्त विषयान्वये" असं म्हणून. त्यांनी कमिटीत ठराव वाचला… "सदर पिल्लू मादी असल्यास बागेत ठेवण्यास हरकत नाही. सदर पिल्लू नर असल्यास, पहाटे आरवून सभासदांची झोपमोड करण्याचा संभव असल्याने, आठ दिवसांत सोसायटीबाहेर करावे. पाहणी येत्या रविवारी." म्हणजे बघा, आपल्या मराठीने केवढी सोय करून ठेवलीय! ते पिल्लू! ना तो, ना ती, ते! चांगलं सुखात होतं बिचारं ते-मध्ये. पण नाही, ह्यांना लेखी पाहिजे, तो की ती!

आणि सोसायटीबाहेर म्हणजे कुठे? प्रीतमच्या पातेल्यात, दुसरं कुठे! ईश्वरीला हे कळलं. पोरगी रडली नाही हो, रडली असती तर बरं झालं असतं. खोक्यावर हात ठेवून बसली आणि मला विचारते, "बाबा, मुलगा झाला तर त्यात त्याची काय चूक?"   नावंसुद्धा काढून ठेवली होती तिने, मुलगा झाला तर रणजीत, मुलगी झाली तर सुनयना.

मग मी लागलो मागे. बायको वैजयंतीने यूट्यूबवर बघितलं, पाय काळपट असले तर मादी, पिवळट असले तर नर. बघितले पाय. एक काळपट, एक पिवळट! धुतले, तर काळपट होतं ते खोक्यातलं बूटपॉलिश. मग वरच्या मजल्यावरच्या शुभदावहिनी आल्या सुई-दोरा घेऊन. पिल्लावर सुई टांगायची, गोल फिरली तर मुलगी, सरळ हलली तर मुलगा. सुई गोल फिरली, सरळ हलली आणि वहिनींच्या बोटात घुसली. ग्रुपवर पोल टाकला. नर एक्केचाळीस, मादी अडतीस, आणि सहा जणांनी लिहिलं, पाणी कधी येणार.

आणि ती रिक्षा! तुम्हाला सांगतो, तसला प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. शेअर रिक्षात बसलोय, शेजारी एक बाई, फोन आला डॉक्टर सुगत यांचा, जनावरांचे डॉक्टर, सानपाड्याचे. मी आपला जीव तोडून बोलतोय, "डॉक्टर, प्लीज, मुलगा की मुलगी तेवढंच सांगा हो… फोटो बघून सांगा… रविवारच्या आत कळायला पाहिजे… नको ते निघालं तर मेव्हणा कापायला तयारच बसलाय!" शेजारची बाई अशी वळली! "अहो, लाज नाही वाटत? गुन्हा आहे हा! मुलगी नको ना तुम्हाला?" मी म्हटलं, "ताई, मुलगीच पाहिजे! मुलगा झाला तर कापणार!" बाई सरकून टोकाला बसली.  मग रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली, म्हणाला, "उतरो भाई. मेरे को भी दो लडके है." आणि फोनमधून डॉक्टर शांतपणे सांगतायत, "ऐंशी टक्के मादी वाटते." अहो साहेब, उरलेल्या वीस टक्क्यांत माझी मुलगी राहते, तिचं काय?

आला रविवार. सयाजीकाका वही घेऊन, चष्मा लावून हजर. पिल्लू आता तळहातात न मावण्याइतकं झालेलं, पट्टे फुटलेले. काका त्याच्याकडे बघतायत, ते काकांकडे बघतंय. "सुभाषराव, निश्चित सांगा. तो की ती?" ईश्वरीने माझा शर्ट धरलेला. मी म्हटलं, काका, डाग जरा… म्हणजे बघा, तसा मोठा, पण तसा…

इतक्यात आतून आई आली. माझी आई, वेणूबाई. सातारकडची. चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या, वर गावात सुईण म्हणून नाव. आणि आम्ही शहाणे यूट्यूबला विचारत होतो! घरातल्या बाईला एका शब्दाने विचारलं नाही, माझंच चुकलं, कबूल. तिने पिल्लू उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तलंग हाय. अंडी दील. लिवा."

काकांनी लिहिलं. "तज्ज्ञामार्फत खात्री केली असता सदर पिल्लू मादी आढळून आले." खाली सही, त्यावर शिक्का. ईश्वरी आजीच्या गळ्यात पडली, मी अख्ख्या विंगमध्ये बर्फी वाटली. मुलगी झाली ना! प्रीतमचा फोन आला, मोठ्या दुःखाने म्हणाला, "वाटान फ्रीजमंदी ठेवतो."

तीन महिने गेले. सुनयना अशी वाढली, अशी वाढली… तुरा हा एवढा, लालबुंद! शेपटी कमानदार! शुभदावहिनी म्हणायला लागल्या, हार्मोन्सचं असेल. आणि एके दिवशी पहाटे पाच वाजता सुनयनाने मान वर केली आणि असा कडकडीत आरवली… असा आरवली… आरवला… बघा, व्याकरणाचीसुद्धा वाट लागली!

मी उठलो तो थेट आईसमोर. म्हटलं, आई, चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यास आणि तुला कळलं नाही?

आई चूल पेटवावी तसा गॅस पेटवत होती. वळलीसुद्धा नाही. "पयल्याच दिशी कळलं व्हतं."

मग बोलली का नाहीस?

"तुमी इचारत व्हता कापायासाटी. कापायासाटी इचारनाऱ्याला म्या कदी खरं सांगितलं न्हाई. गावात बाया पोट घिऊन यायच्या, सोबत सासू. वेणू, सांग, काय हाय? म्या समद्यांस्नी एकच सांगायची, पोरगा हाय. निम्म्या पोरी झाल्या. शिव्या खाल्ल्या म्या. पन पोरी झाल्या."

 मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. चहा दिला तिने, तो प्यायलो. आईचा असा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.

पण बाहेर बेल वाजली ना! सयाजीकाका, नाइटड्रेसवर, वही काखेत. मी हात जोडले, म्हटलं काका, चूक झाली, तो नर आहे, तुम्ही सांगाल ते करतो. काकांनी वही उघडली, स्वतःची सही बघितली. शिक्का बघितला. बराच वेळ बघितला. बागेतून पुन्हा आरवणं ऐकू आलं, काकांचा कान नुसता हलला. म्हणाले, "सुभाषराव, दफ्तरी मादी आहे. माझ्या सहीनिशी आहे. पस्तीस वर्षांत मी सही मागे घेतलेली नाही. मादी आरवत नाही, सबब तक्रारीचं कारण उद्भवत नाही." वही मिटली, निघून गेले.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत रोज पहाटे पाच वाजता कोणीही आरवत नाही… आणि अख्खं बी-विंग दचकून उठून बसतं.