शेडमधल्या सुतळ्या

आमची शबाना कराडला कॉम्प्युटर शिकायला होती न्हवं, तिचंच सांगते. नेटवर्कची आखणी कागदावर बघून तिच्या डोक्यात शिरायची न्हाई. मग आमच्या बेदाणे वाळवायच्या शेडमध्ये खांबाखांबाला सुतळ्या बांधून त्यातनं फिरली, तवा उमगलं. म्हणाली, "अम्मी, एक वाट तुटली तरी दुसरीनं निरोप पोचला पाहिजे."

वर्गातही सुतळीनंच दाखवायला लागली. सर म्हणाले, "ही बालवाडी आहे का?" पोरीनं कॉलेजच सोडलं.

मी एस्टीनं कराड गाठलं आणि सरांना लय झाडलं. "चुकलं माझं, पाठवा तिला," म्हणाले. जिंकल्यागत घरी आले.

शबाना म्हणाली, "सरांनी मान्य केलं गं, पण हसला तो अख्खा वर्ग."

एका माणसाशी भांडता येतं मला. अख्ख्या वर्गाशी कुठं जाऊन भांडू?