गार्ड, फिल्म अन् मामाचं घोंगडं

न्हाय न्हाय, तुमी आधी मला एक सांगा, भीमा नदीला ठावं तरी हाय का, की तिच्या अलीकडं एक राज्य हाय अन् पलीकडं दुसरं? पाणी तेच, मासा तोच, पुलावरचं खड्डं सुदिक निम्मं आमचं निम्मं त्यांचं, पर जीप पुलावर चढायच्या आदी येक कायदा अन् उतरली की दुसरा... अन् म्हणं देश एकच हाय!

तुमास्नी सांगतो, मला काय तिकडं फिराय जायाची हौस न्हवती. माझी थोरली भन केराआक्का, तिची एकुलती एक पोरगी वैष्णवी, तिचं लगीन. नवरदेव पुलापलीकडचा, लगीन त्यांच्या दारात, मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. अन् मी मामा. सख्खा. आता आमच्या भावकीत रीत अशी, की नवरीनं मामाच्या घोंगड्यावर उभं ऱ्हायाचं अन् मामानं तिच्या पाठीमागं, मगच अक्षता. ते घोंगडं मी चार महिनं आदी सांगून ठिवून विणून घेतलं, काळंभोर, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं. सख्खा मामा आला न्हाय तर चुलत मामा चालतो म्हणत्यात, अन् आमचा चुलतभाऊ गुंडा तर त्याच आशेवर जगतोय. धाकट्या भनीच्या दोन्ही पोरींच्या लग्नात फेटा बांधून माझ्या मागं मागं हिंडलाय तो, की ह्याला कवा ताप येतोय अन् मी कवा फुडं हुतोय.

म्हणून मी सगळी तयारी केली की वो! अक्कलकोटचा सिद्धराम, माझा दोस्त, ट्रकवर असतो, कन्नड-मराठी दोन्ही बोलतो, त्याला ईचारलं. तो म्हणला, जोत्या, तिकडं औषधाची पेटी बघत्यात, गाडी बंद पडल्यावर मागं ठिवायचा त्रिकोण बघत्यात, रेडियमची पट्टी बघत्यात, मागं लाल, बाजूला पिवळी, फुडं पांढरी. मी म्हणलं, अरं मला जीप न्यायची हाय का जीपचं लगीन लावायचंय? पर केलं. सोलापुरात दोन दिस हिंडून सगळं केलं. पट्ट्या लावल्या, त्रिकोण घेतला, पेटी घेतली. एवढ्या पट्ट्या, की शेजारणीनं ईचारलं, भाऊजी, अँबुलन्स घेतली का?

सकाळी सातला निघालो. मी अन् माझी बायको मथुरा. मी गुलाबी फेटा बांधलेला, ती नव्या नऊवारीत, घोंगडं मागच्या शीटवर घडी करून. पुलाच्या अलीकडं आपलेच साहेब उभं. आपलेच! मराठी बोलणारं! पट्ट्यांकडं बघितलं बी न्हाय. त्रिकोण दावला, बघितला न्हाय. जीपच्या तोंडाकडं बोट केलं, म्हणलं, "हा लोखंडी गार्ड काढा."

आता ह्यो गार्ड आठ वर्सं हाय माझ्या जीपला. म्हशी आडव्या येत्यात, डुकरं येत्यात, आठ वर्सं सोलापुरात कुणी ब्र काढला न्हाय त्यावर. म्या म्हणलं, साहेब, लग्नाहून आल्यावर काढतो. ते म्हणलं, आत्ता काढा, मग जावा. काढला! फेटा सावरत, नव्या धोतरात, जीपच्या खाली उताणा पडून, गंजल्याली नटं, पाना घसरतोय, बोटं सोलत्यात, अन् मथुरा वरनं वाकून म्हणतीया, "अवं, धोतराला वंगण लागंल." मी काय तितं आंघूळ करत हुतो? दीड तास गेला. गार्ड टाकला मागं जीपमदी. मावंना. दोन हात भाईर आला. ऱ्हाऊं द्या म्हणलं, आता तर कायद्यात हाय. चला.

पूल वलांडला. निम्मं आमचं खड्डं, निम्मं त्यांचं खड्डं. उतरलो, तर फुडं दुसरं साहेब. "गाडी साइडिगे हाकरी." लावली बाजूला. ह्यांनी काय बघितलं? गार्ड! मला वाटलं, काढला म्हणून शाबासकी देतील. तर म्हणलं, "हे मागे बाहेर आलंय, त्याला लाल कापड कुठंय?" म्हंजी बगा, गार्ड फुडं हुता तवा हिकडचा गुन्हा, मागं गेला तर तिकडचा गुन्हा! अन् म्हणं देश एकच हाय!

लाल कापड कुटनं आणू? मथुराच्या पिशवीत ओटीचा खण हुता, ती देईना, म्हणली, "लेकीच्या ओटीचा खण लोखंडाला बांदू व्हय?" मग काय. फेटा काढला. साहेबांनी लई वेळ बघितलं त्याच्याकडं, गुलाबी हाय म्हणलं, पर चालंल. माझा मामाचा फेटा, सोलापुरातनं खास आणल्याला, गार्डाच्या टोकाला फडफडाय लागला अन् मी बोडका.

मग पेटी. मी लई ताठ मानंनं उघडली. सिद्धरामचं डोकं कामाला आलं म्हणलं. आत काय? हळद. कुंकू. सुपाऱ्या. अन् खारका. मथुरानं पेटी बघितली, झाकण बी घट्ट, तिला वाटलं लग्नाच्या सामानाला आणली. मलमपट्टी तिनं घरात फळीवर ठिवल्याली. साहेब म्हणलं, हे काय? तर ही शानी मला बोलू देती का? "हळद रगतावर लावत्यात की, साहेब." साहेबांना हसू आलं, पर पावती फाडलीच. अन् मग काचा. काळी फिल्म काढा म्हणलं. पुलाअलीकडं ह्या काचांकडं कुणी ढुंकून बघितलं न्हाय, हितं म्हणं त्याच मेन! पानपट्टीवरनं ब्लेड आणलं, चारी काचा खरवडल्या. घड्याळात पावणेअकरा.

निघालो. आता ऊन. डिशेंबरातलं ऊन म्हणून काय झालं, आमच्याकडचं ऊन हाय ते, महिना बघून पडत न्हाय. तीन मैल गेलो असंल, मी रस्त्याकडं बघतोय, डोक्यात मुहूर्त, अन् ही बया मागं काय करती? तिच्या तोंडावर ऊन येतंय म्हणून घोंगडं उलगडून खिडकीला लावतीया. वरची कड काचंत चेपली, जीप काळीकुट्ट. अन् फुडच्या फाट्यावर तिसरं साहेब.

काळा पडदा म्हणलं. म्या म्हणलं, साहेब, पडदा न्हाय, घोंगडं हाय. ते म्हणलं, काचेवर असलं तर पडदाच. जमा करा, जीप कडंला लावा, पावती हुईस्तोवर हलायचं न्हाय. अन् पावतीच्या मशीनला रेंज न्हाय. ते मशीन हातात धरून बाभळीखाली गेलं, मग रस्त्यावर आलं, मग मोटारसायकलीवर चढून हात वर केला. सव्वाअकरा झालं. साडेअकरा झालं. आक्काचा फोन आला, जोत्या, कुटं हाईस, गुंडानं फेटा बांदला.

माझं डोकंच फिरलं. पर भांडलो न्हाय, तुमची शप्पत. हात जोडलं. म्हणलं, "साहेब, जीप ठिवा, चावी ठिवा, बायको बी हितं बसंल. मला माझं घोंगडं द्या. त्याच्यावर माझी पोर उभी ऱ्हाणार हाय."

त्यांनी माझ्या बोडक्या डोक्याकडं बघितलं, गार्डाच्या फेट्याकडं बघितलं, अन् घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणलं, "होगरी." जा म्हणलं.

जाऊ कशानं? तवर आला उसाचा ट्रॅक्टर. आता नीट आयका. मागं दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूनं चार चार हात भाईर. मागं दिवा न्हाय, पट्टी न्हाय, नंबर न्हाय, आरसा न्हाय, डायवरच्या अंगात बनियन अन् फुडं मोठ्ठा स्पीकर. ब्रेक हाय का न्हाय त्याचं त्याला ठावं. साहेबांनी काय करावं? रस्ता मोकळा केला! हात हलवून, चल चल, फुडं चल! मी त्याच्या मडगार्डावर चढलो. साहेबांच्या देखत चढलो.

बारा पंचवीसला मांडवात. अंगावर पाचट, डोस्कं बोडकं, धोतर काळं. अंतरपाट धरल्याला, मंगलाष्टका चालू, वैष्णवी शालीवर उभी अन् पाठीमागं गुंडा. माझीच हक्काची जागा धरून, डोळं मिटून उभा, जसा काय देवच. पोरीनं मला बघितलं. तिकडं भटजी म्हणतंय सावधान, अन् हिकडं ती शालीवरनं खाली उतरली. म्हणली, "मामाचं घोंगडं आलं, आता हातरा." भरल्या मांडवात. मी वाकून घोंगडं हातरलं, ती उभी ऱ्हायली, मी उठायच्या आत अक्षता पडल्या... माझ्या पाठीवर. मला लई रडू आलं, लपवत न्हाय.

परवा फोटोचा अल्बम आला. मामा म्हणून गुंडा, फेट्यासकट, धा-बारा फोटोत. मी एका फोटोत हाय. हात दिसतो माझा, घोंगड्याची घडी सोडताना. अन् मथुरा तर कशातच न्हाय. ती चार वाजूस्तोवर त्या फाट्यावर नव्या नऊवारीत गार्ड राखत बसल्याली. तवापास्नं माझ्याशी कामापुरतं बोलती.

काल वैष्णवीचा फोन. "मामा, पहिली संक्रांत हाय, तुमीच न्यायला या, गुंडामामा नको." आता नको कसं म्हणू? जाणार की. जीप न्हाय नेणार. आमच्या गावच्या फाट्यावर उभा ऱ्हाणार अन् उसाच्या ट्रॅक्टरला हात करणार, जाताना बी अन् पोरीला घिऊन येताना बी. दोन्ही राज्यांत त्येला कुणी आडवत न्हाय. त्येच्यापुरता देश एकच हाय.